द्वारपालाने न विचारलेला प्रश्न

“गेला! गेला! विनोदिनीबाईंचा आवाज गेला!”

रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये एकच गलका उडाला. खुर्च्या मागे सरकल्या, कुणाचं तरी बाळ रडायला लागलं, आणि पहिल्या रांगेतल्या कलावतीबाईंनी दोन्ही कान धरून “चुकलं असंल तर माफ करा महाराज” असं म्हणूनही टाकलं. त्यांचं काहीच चुकलेलं नव्हतं. पण अशा वेळी आधीच म्हणून ठेवलेलं बरं.

झालं होतं असं. व्यासपीठावर वाणीसिद्ध महाराजांचं प्रवचन चालू होतं. अंगावर केशरी शाल, समोर रेशमी कापडात गुंडाळलेला लॅपटॉप, आणि उजवा हात कायम गोमुखीत. गोमुखी म्हणजे जपमाळ ठेवायची ती कापडी पिशवी. हात आत घालायचा आणि कुणाला न दिसता मणी ओढायचे. हॉलपर्यंत येणं ज्यांना जमत नव्हतं ते घरून मोबाइलवर ऐकत होते, आणि मधूनमधून त्यांचा आवाज हॉलच्या स्पीकरवर यायचा. बूढ़ापारा मोहल्ल्यातल्या विनोदिनीकाकूंचे गुडघे दुखायचे, म्हणून त्याही घरूनच. प्रवचन रंगात आलं असताना त्यांनी मध्येच विचारलं, “महाराज, तुमचं गाव कोणतं म्हनाले?”

महाराज थांबले. “गाव? साधूला गाव नसतं, माई.”

“तसं कसं? जन्मले असान नं कुठंतरी. आमचे हे रेल्वेत होते, साऱ्या विदर्भातली मान्सं आमच्या ओळखीची. मी आपलं सहज वि...”

महाराजांनी डोळे मिटले. गोमुखी किंचित हलली. “जिच्या जिभेला लगाम नाही,” ते संथपणे म्हणाले, “तिची वाणी आम्ही परत घेतो.”

आणि स्पीकर मुका झाला. भिंतीवरच्या पडद्यावर काकूंच्या नावापुढे आवाज बंद असल्याची लाल खूण उमटली.

गर्दीच्या शेवटी, चपलांच्या ढिगाऱ्याजवळ, अकरावीतली यामिनी उभी होती. तिच्याही अंगावर काटा आला. आला तर आला, खोटं कशाला सांगायचं.

यामिनी यवतमाळहून रायपूरला येऊन वर्ष व्हायचं होतं. बाबांची बदली नव्या रायपुरातल्या ऑफिसात झाली होती. ते सकाळी अंधारातच बस पकडायचे. आई पॅथॉलॉजी लॅबमध्ये. शाळा सुटली की कुलूप उघडायचं, पंखा लावायचा आणि पंख्याकडे पाहायचं, हा यामिनीचा दिनक्रम. शाळेत ती पहिल्याच दिवशी “मेरा पुस्तक घर पे रह गया” म्हणाली होती, हिंदीत ‘मेरी’ हवं होतं, तेव्हापासून अख्खा वर्ग तिला ‘मेरा पुस्तक’ म्हणायचा. वर्गातली पिंकी देशमुख खरं तर मराठीच होती. यामिनी मराठीत बोलली की तिला सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीत यायचं, तेही इकडेतिकडे बघत. “यार, यहाँ मराठी मत बोल ना.”

म्हणून मग ‘आपला कट्टा’.

हा मंडळाचा चॅट सर्व्हर. सर्व्हर म्हणजे मोबाइलमधलं एक घरच समजा, ज्याच्या वेगवेगळ्या खोल्यांत लिहिता येतं, बोलताही येतं. लॉकडाऊनमध्ये मंडळातल्या सार्थकदादाने तो काढून दिला आणि नंतर नोकरीसाठी हैदराबादला निघून गेला. जाताना दारावर एक राखणदार बसवून गेला. त्याचं नाव ‘द्वारपाल’. द्वारपाल माणूस नव्हता, बॉट होता. हुकूम दिला की काम करणारा प्रोग्रॅम. कुणी शिव्या दिल्या, उगाच जाहिराती टाकल्या, की अध्यक्षाने लिहायचं ‘मौन’ आणि पुढे त्या माणसाचं नाव. त्याचं लिहिणं-बोलणं बंद. ‘बोल’ लिहिलं की सुरू. दुर्ग, भिलाई, बिलासपूर, जिथे जिथे मराठी मंडळ होतं त्या सगळ्यांनी मग हाच द्वारपाल आपापल्या कट्ट्यावर नेला. आपल्याकडे चांगली चकली जमली की शेजारी वाटी जातेच.

कट्ट्यावर ‘चारचा चहा’ नावाची एक खोली होती. तिथे रोज विनोदिनीकाकू यायच्या आणि येईल त्याला विचारायच्या, “काय भाजी केली?” नवा माणूस आला तर आधी “कुठले तुम्ही?” आणि मग भाजी. यामिनीला पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, “यवतमाळची.” काकू म्हणाल्या, “बाई वं! मंग तू तं माहेरचीच निघाली!” रायपुरात यामिनीशी आनंदाने बोललेलं ते पहिलं माणूस.

आणि आता त्या माणसाचाच आवाज गेला होता.

अध्यक्ष नरेशकाका शपथेवर सांगत होते, “मी हात नाही लावला हो! अन् ह्या कट्ट्यावर माझ्याशिवाय कोणाले अधिकारच नाही.” त्यांनी द्वारपालाला स्वतःच्या हाताने ‘बोल विनोदिनी’ असा हुकूम दिला. लाल खूण गेली, काकू “हॅलो, हॅलो, येऊन राहिला का आवाज?” म्हणाल्या, आणि चहा गार व्हायच्या आत पुन्हा मुक्या झाल्या. यावर तर लोकांची खात्रीच पटली. अध्यक्षाचाही हुकूम चालत नाही म्हणजे कोपच!

महाराजांनी कोपाचे नियमही लगेच सांगितले. कोप झालेल्याशी जो बोलेल त्यालाही लागण. उतारा एकच, ‘वाणीदान’. बूढ़ापाऱ्यातल्या काकूंच्या घराची पुढची मोठी खोली महाराजांच्या ‘वाणीपीठा’ला अर्पण करायची, येत्या रविवारी, सगळ्यांसमोर, किल्ली हातात देऊन.

“खोलीच मागायची तं गोल बाजारात भाड्यानं काहून नाही घेत?” यामिनीने घरी विचारलं.

“तू मधात पडू नको,” आई पोळी लाटता लाटता म्हणाली. “नवीन आहोत आपण इथे. चार लोक ओळखायला लागलेत. अकरावी आहे तुझी.”

“पण आई, काकू एकट्या आहेत.”

आईचं लाटणं क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी चारला यामिनी चहाच्या खोलीत गेली. काकूंच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. म्हणजे त्या आलेल्या होत्या, ऐकत होत्या. बोलता येत नव्हतं इतकंच. बाकीच्या बायकांनी तो ठिपका पाहिला आणि “चला, रेसिपीच्या खोलीत बसू” म्हणत एकेक करून निघून गेल्या. उरले दोन हिरवे ठिपके. यामिनी म्हणाली, “काकू, आज दोडक्याची भाजी केली.” उत्तर आलं नाही. येणार कुठून? तरी ठिपका विझला नाही. यामिनीने मग भाजी कशी केली ते सगळं सांगितलं, तिखट जास्त झालं तेही सांगितलं. आपण पंख्याशी बोलतो तसंच हे, असं तिला वाटलं. फक्त ह्या वेळी पंखा ऐकत होता.

शनिवारी ती सायकल काढून बूढ़ापाऱ्यात गेली. तलावाच्या मागची गल्ली, स्कूटरच्या रांगा, आणि काकूंचं जुनं घर. काकूंनी दार उघडलं, तिला पाहून चेहरा उजळला, आणि त्यांनी पटकन तोंडावर पदर धरला.

“काकू, मोबाइलवर आवाज गेला ना? घरात तर बोलू शकता!”

काकूंनी मान हलवली. नाही.

कोपाने फार तर एका मोबाइलमधला आवाज बंद केला होता. ह्या माणसाचा घशातला आवाज मात्र भीतीने बंद केला होता. स्वयंपाकघरात एकाच ताटाला पुरेल एवढं पातेलं, भिंतीवर काकूंच्या यजमानांचा, मारोतीकाकांचा रेल्वेच्या गणवेशातला फोटो, खुंटीवर पुढच्या खोलीची किल्ली. पुण्याच्या मुलाचं, नीलेशचं नाव काढल्यावर काकू खुणेने म्हणाल्या, त्याला सांगू नको. मग अगदी कानाशी येऊन, श्वासापेक्षाही हळू, “माह्यासंगं बोलू नोको पोरी. तुलेही लागंल.”

“लागू द्या,” यामिनी म्हणाली. “तसंही माझ्याशी बोलतंय कोण?”

घरी येऊन ती पलंगावर पडली आणि मोबाइल उघडला. आता एक गोष्ट सांगायला हवी, जी तिने कुणालाच सांगितली नव्हती. तिने स्वतःचंही एक मंडळ काढलं होतं. नाव, ‘यामिनी मंडळ, रायपूर’. सदस्य, ती एकटी. अध्यक्ष, तीच. इतर मंडळांसारखा आपल्याकडेही द्वारपाल असावा म्हणून तिने त्यालाही बोलावून ठेवलं होतं, आणि कधी फार कंटाळा आला की त्याला काहीबाही हुकूम द्यायची. तो प्रत्येक वेळी “जी अध्यक्ष” म्हणायचा. दिवसभरात कुणी ‘जी’ म्हणणारं असावं, एवढंच.

त्या वेळी कट्ट्यावर महाराजांचं थेट प्रवचन चालू होतं. “जो अहंकारी असतो ना, तो प्रश्न विचारतो. जो भक्त असतो, तो फक्त...” यामिनीला इतका राग आला की तिने आपल्या रिकाम्या मंडळात दातओठ खात लिहिलं, ‘मौन वाणीसिद्ध’.

“जी अध्यक्ष,” द्वारपाल म्हणाला. “वाणीसिद्ध यांना मौन.”

आणि तिकडे, कट्ट्यावर, प्रवचन तुटलं.

यामिनी ताडकन उठून बसली. पहिला विचार आला तो सांगायलाही लाज वाटावी असा. खरंच आला, की बाई गं, मला पण सिद्धी! घाईघाईने तिने ‘बोल वाणीसिद्ध’ लिहिलं. महाराजांचा आवाज परत आला. ते खाकरले आणि म्हणाले, “आम्ही क्षणभर समाधीत गेलो होतो.”

यामिनीला हसू फुटलं. इतकं, की ती उशीत तोंड खुपसून हसली. समाधी! मग तिने जे करायला हवं तेच केलं. पुन्हा करून पाहिलं, पण दुसऱ्या कुणावर नाही, स्वतःवर. ‘मौन यामिनी’. कट्ट्यावर तिच्या नावापुढे लाल खूण. ‘बोल यामिनी’. खूण गायब. हुकमाची पावती दर वेळी फक्त तिच्या मंडळात; कट्ट्यावर त्याचा मागमूससुद्धा नाही. सिद्धी असती तर पावती कशाला आली असती?

तिने हैदराबादला फोन लावला.

“थांब थांब,” सार्थकदादा म्हणाला. “तू आपल्या कट्ट्याची अध्यक्ष नाहीस, तरी हुकूम चालला?”

“मी माझ्या मंडळाची अध्यक्ष आहे. म्हणजे, मी एकटीच आहे त्यात.”

पलीकडून कपाळावर हात मारल्याचा आवाज. “अगं, गणपतीत दुर्गचे अध्यक्ष आले की आपण त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवतो ना? भिलाईच्या अध्यक्षांच्या हातून आरती. कुठल्याही मंडळाचा अध्यक्ष तो आपलाही अध्यक्ष. मी तोच मान द्वारपालाला शिकवला. तो विचारतो, तुम्ही अध्यक्ष आहात का? हो म्हटलं की दार उघडं, आणि हुकूम सगळ्या कट्ट्यांवर लागू. कुठले अध्यक्ष, हे तो विचारतच नाही.”

कुठले तुम्ही? काकू रोज विचारायच्या तोच प्रश्न. महाराजांना नेमका तोच झोंबला होता.

“मी आत्ता दुरुस्त करतो,” सार्थक म्हणाला.

“नको दादा! आत्ता केलंत तर काकूंचा आवाज सुटेल आणि महाराज म्हणतील, आम्हीच कृपा केली. उद्या. सगळ्यांसमोर. आणि एक गोष्ट कराल का?”

रविवारी संध्याकाळी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. विनोदिनीकाकू सायकलरिक्षातून आल्या. पदराच्या गाठीत किल्ली. त्या जिथे बसल्या तिथल्या आजूबाजूच्या खुर्च्या हळूहळू रिकाम्या झाल्या. भरगच्च हॉलमध्ये मधोमध त्या एकट्या. यामिनी जाऊन त्यांच्या शेजारी बसली. मागून आईची हाक आली, तिने ऐकली नाही.

“वाणी ही देवी आहे,” महाराजांचं सुरू झालं. “ती सर्व्हरमध्येही आहे, स्पीकरमध्येही आहे. जिथे नेटवर्क आहे तिथे चैतन्य आहे! जिथे चैतन्य आहे तिथे आम्ही आहोत!”

“अन् रिचार्ज संपला तर?” मागून कुणीतरी पुटपुटलं. दोघं-तिघं हसली आणि गप्प झाली.

काकूंची बोटं पदराच्या गाठीकडे गेली. यामिनी उठली.

“महाराज, किल्ली घेण्याआधी एक शंका. आपण कुठल्या मंडळाचे पदाधिकारी आहात का?”

“पोरी, आम्ही सगळं त्यागलंय.”

“म्हणजे अध्यक्ष वगैरे नाही?”

“छे! पद म्हणजे अहंकार.” गोमुखी हलली. पडद्यावर यामिनीच्या नावापुढे लाल खूण आली. हॉलमधून भीतीची एक लाट गेली. “बघा. हिचीही गेली.”

यामिनीने हातातल्या मोबाइलवर बोट फिरवलं. खूण गेली. मग तिने अजून एकदा लिहिलं, आणि पडद्यावर वाणीसिद्ध महाराजांच्याच नावापुढे लाल खूण झळकली. त्यांच्या लॅपटॉपमधून स्पीकरवर येणारा आवाज बंद पडला. ते ओठ हलवत राहिले.

तोच कलावतीबाई किंचाळल्या, “बाई वं! पोट्टीच्या अंगात देवी आली!”

लोक उठले. कुणी हात जोडले, कुणी मुलांना पुढे ढकललं. जी पिंकी वर्गात तोंड फिरवायची ती आईच्या मागून डोळे विस्फारून बघत होती. कलावतीबाई तर वाकून पायाशीच आल्या. वर्षभर जिच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं तिच्याकडे आता सगळं रायपूर पाहत होतं. फक्त गप्प राहायचं होतं. एवढंच केलं असतं तर यामिनी पुन्हा कधी एकटी पडली नसती.

तिने शेजारी पाहिलं. काकूंनीही हात जोडले होते. तिला. आणि त्या हातांत किल्ली होती.

“नाही!” यामिनी इतक्या जोरात ओरडली की तिचं तिलाच नवल वाटलं. “कलावतीकाकू, उठा आधी. देवी नाही, मोबाइल आहे हा. तुम्हाला पण येईल. बसा इथे, तुमचं मंडळ काढू.”

“माह्यं?”

“हव, तुमचं.” तिने मोबाइलचा पडदा भिंतीवर जोडला, सगळ्यांना दिसेल असा. ‘कलावती मंडळ’. एक सदस्य, एक अध्यक्ष, द्वारपालाला आमंत्रण. “आता बोला, कोणाले गप्प करायचं?”

कलावतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. “ह्यायले.”

श्यामराव मोबाइलवर पुष्कळ “हॅलो हॅलो” करत राहिले, पण स्पीकरवर हूं नाही की चूं नाही. हॉल हसून हसून कोसळला, आणि त्या हसण्याबरोबर भीतीही कुठेतरी सांडली. यामिनीने मग समजावून सांगितलं, अगदी सावकाश: द्वारपाल अध्यक्षाला मान देतो, पण कुठला अध्यक्ष ते विचारत नाही, रिकाम्या मंडळाचा मालकही त्याला चालतो, म्हणून नरेशकाका आवाज सोडवायचे आणि दुसरं कुणीतरी पुन्हा बंद करायचं.

“पण महाराज तर अध्यक्ष नाहीत म्हणाले,” नरेशकाका म्हणाले. “अन् त्यांचा हात जपमाळेवर होता.”

“सार्थकदादा, पाठवा,” यामिनी फोनवर म्हणाली.

द्वारपालाला जोडलेल्या सगळ्या मंडळांच्या अध्यक्षांना एक सूचना गेली, अध्यक्षांना आणि फक्त त्यांनाच. नरेशकाकांच्या खिशात टिंग झालं. यामिनीच्या हातात टिंग झालं. आणि महाराजांची गोमुखी थरथरली. कापडातून निळसर उजेड फाकला.

“अगंबाई,” कलावतीबाई म्हणाल्या, “जपमाळ काहून वाजून राहिली?”

नरेशकाकांनी गोमुखी पुढे ओढली. आतून मोबाइल निघाला. त्यावर एका बंद पडलेल्या मंडळाचा कट्टा उघडा होता. माणसं केव्हाच पांगली होती, अध्यक्ष तेवढे उरले होते, ते हेच महाराज. खाली ओळीने पावत्या: “जी अध्यक्ष. विनोदिनी यांना मौन.” “जी अध्यक्ष. विनोदिनी यांना मौन.”

महाराज काहीतरी म्हणत होते, मायेचा खेळ वगैरे, पण स्पीकर बंद असल्याने पहिल्या रांगेपलीकडे ते पोचलं नाही. शाल सावरत ते दाराकडे निघाले.

तेवढ्यात एक आवाज आला. फाटका, न वापरल्याने गंजल्यासारखा.

“महाराज.”

विनोदिनीकाकू उभ्या होत्या. मोबाइल नाही, स्पीकर नाही. त्यांचा आवाज द्वारपालाने सोडवला नव्हता, कारण तो द्वारपालाने बांधलेलाच नव्हता.

“तुमचं गाव सांगायचं राहूनच गेलं नं.”

महाराजांनी सांगितलं नाही. नरेशकाकांनी आधी द्वारपालाच्या पावत्यांचे फोटो काढून घेतले, मग महाराजांना दारातच अडवून पोलिसांना फोन लावला. सार्थकने त्याच रात्री दुरुस्ती केली. आता परक्या मंडळाच्या अध्यक्षाने हुकूम सोडला की द्वारपाल अदबीने विचारतो, “नमस्कार. कुठले तुम्ही?” आणि दार उघडत नाही.

सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. ज्यांनी काकूंच्या शेजारच्या खुर्च्या सोडल्या होत्या त्यांनी हॉलमधून जाताना त्यांच्याकडे पाहिलं नाही. माफी मागायला जिभेला लागणारा जोर महाराजांना हात जोडायच्या जोरापेक्षा फार मोठा असतो. सोमवारी चारला चहाच्या खोलीत दोनच ठिपके होते.

“काय भाजी केली वं?” काकूंनी विचारलं.

“वांग्याची. काकू, बाकीचे येतील का हो?”

“येतीन. लाज वाटून राहिली असंल. तू सांग, तिखट किती टाकलं?”

यामिनी सांगत होती, एवढ्यात तिसरा ठिपका लागला. पिंकी देशमुख. ती हळूच, अडखळत, मराठीत म्हणाली, “आमच्याकडे... आज... भेंडी होती.”

तुम्हालाही कधी कुणी अधिकाराने गप्प बसवेल. शाल पांघरून असेल, खुर्चीवर बसून असेल, नाहीतर पडद्यावरच्या लाल खुणेतून. तेव्हा हात जोडण्याआधी एकच करा. हा अधिकार तुम्हाला कुणी दिला, आणि कुठला, ते विचारा. खरा असेल तर तो सांगेल. रागावला, तर समजा त्याच्या गोमुखीत काहीतरी आहे. आणि ज्याला सगळ्यांनी वाळीत टाकलंय, त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी असेल, तर तिथे जाऊन बसा. लागण होत नाही. यामिनीने बसून पाहिलंय.